सान सेबास्तियानमध्ये चार दिवस: आधी ओहोटीची वेळ बघा, मग बेत आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्याच्या अखेरीस आई-बाबांसोबत उत्तर स्पेनमधल्या सान सेबास्तियानला चार पूर्ण दिवस आहात. विमान बिल्बाओचं आहे आणि गाडी भाड्याने घ्यायची नाही. आई शाकाहारी आहेत, अंडं चालतं. बाबांचा गुडघा दुखतो, सपाटीवर चालतात पण पायऱ्या नकोत. यादीत बिल्बाओ, फ्रान्समधलं बियारिट्झ, पाम्प्लोना आणि समुद्रातल्या खडकावरचं गास्तेलुगाचे हे छोटं चर्च आहे. चार दिवसांत हे सगळं बसेल का?

मी या किनाऱ्यावर बरीच वर्षं मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन जाते, म्हणून स्पष्टच सांगते: बसवता येईल, पण बसवू नका. चार दिवसांत चार मोठी ठिकाणं केलीत तर दिवसातले तीन-चार तास बसमध्ये जातील. या भागाची खरी मजा सान सेबास्तियानपासून तासाभराच्या आत आहे, आणि तिथे सगळीकडे रेल्वे किंवा बस जाते. गास्तेलुगाचे तर यादीतून काढूनच टाका. वर जायला 241 पायऱ्या आहेत, त्याआधी मोठा उतार उतरावा लागतो आणि परतताना तोच चढायचा. गाडीशिवाय तिथे पोचणंही जिकिरीचं. बाबांना वरून, लांबूनच बघावं लागेल, आणि तेवढ्यासाठी अख्खा दिवस घालवण्यात अर्थ नाही.

बिल्बाओ मात्र गाळू नका, फक्त त्याची जागा बदला. वास्तुविशारद फ्रँक गेरीचं गुगेनहाइम संग्रहालय 1997 मध्ये उघडलं आणि त्या शहराचा चेहराच बदलला. ते बघायला सान सेबास्तियानहून जाऊन-येऊन अडीच तास खर्च करण्यापेक्षा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत बिल्बाओला पोचा आणि एक रात्र तिथेच राहा. येताना तर बिल्बाओच्या विमानतळावरून थेट सान सेबास्तियानची बस मिळते, सव्वा तासाच्या आसपास लागतो.

आता मुख्य गोष्ट. इथला दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर जास्त चालतो. या समुद्रात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. सकाळी जिथे रुंद वाळू दिसते तिथे संध्याकाळी पाणी भिंतीला लागलेलं असतं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी फरकाची भरती-ओहोटी, हे गणित इथेही तेच. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत दिवसाउजेडीची ओहोटी साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते आणि मग रोज पाऊणएक तास पुढे सरकते. म्हणजे तिकिटं काढतानाच पंचांग उघडून अंदाज बांधता येतो. नेमकी वेळ तिथल्या पर्यटन कार्यालयात किंवा फोनवर मिळते. हॉटेलात पोचल्यावर पहिलं काम हेच करा: चारही दिवसांची ओहोटी एका कागदावर लिहून घ्या, आणि ज्या दिवशी ती सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान असेल तो दिवस सुमायासाठी राखून ठेवा. बाकीचे दिवस त्याच्या मागे-पुढे बसतील.

सुमायाला एवढं महत्त्व का देते ते सांगते. सान सेबास्तियानहून एउस्कोत्रेन या स्थानिक रेल्वेने पाऊण तास ते तासाभरात हे छोटं गाव येतं. स्टेशनपासून नदीकाठाने आणि जुन्या गावातून चालत इत्सुरुनच्या किनाऱ्यावर या. भरतीला तिथे कडे आणि लाटा दिसतील. ओहोटीला मात्र समुद्र मागे हटतो आणि तळातून दगडाच्या पातळ पट्ट्या वर येतात, शेकडो, एकमेकींना समांतर, समुद्रात दूरवर गेलेल्या, एखाद्या जाडजूड वहीची पानं उभी करून ठेवावीत तशा. चुनखडक, चिखलखडक, पुन्हा चुनखडक. समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षं थर साचत गेले, पुढे इबेरियाचा भूभाग युरोपला भिडून पिरेनीज पर्वत उभा राहिला, त्या रेट्यात हे आडवे थर उभे झाले. सुमाया, देबा आणि मुत्रिकू या तीन गावांचा हा किनारा आज युनेस्कोचा जागतिक भूउद्यान आहे.

या थरांमध्ये एक काळपट मातीचा पातळ थर आहे, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर संपले तो काळ. त्याच्या खाली क्रिटेशस युगाचे खडक आणि वर त्यानंतरचे. आणि त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा उसळत होता. सह्याद्रीचे कडे, रायगड-राजगडचा काळा पाषाण, वेरूळचं कैलास ज्यातून कोरलं तो बेसॉल्ट, हे सगळं त्याच काळाचं काम. त्या महासंहारात मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखींचा किती, यावर भूवैज्ञानिक आजही वाद घालतात. माझ्या गटातल्या लोकांना मी तो थर दाखवते तेव्हा हे हमखास सांगते. गड चढलेल्या माणसाला सुमायाचा किनारा मग परका वाटत नाही. त्याच किनाऱ्यावर डायनोसॉर संपल्यानंतरच्या पॅलिओसीन काळाच्या दोन टप्प्यांची सुरुवात जगभरासाठी जिथून मोजली जाते त्या जागाही आहेत. शाळेत भूगोल आवडला असेल तर गावातल्या आल्गोरी माहिती केंद्रात अर्धा तास द्या, तो तुम्हाला कमी पडेल.

बाबांसाठी: खाली वाळूवर उतरायला रस्ता आहे, पण उघडे पडलेले खडक शेवाळाने निसरडे असतात. त्यांना वाळूवरच थांबू द्या. शिवाय किनाऱ्याच्या डोक्यावर सान तेल्मोचं पांढरं छोटं देऊळवजा चर्च आहे, तिथून वरून सगळे थर दिसतात. चढ आहे, पण छोटा, आणि सावकाश जमतो. सुमायाहून बोटीच्या फेऱ्याही निघतात. त्यात खडकांचा पट समुद्राच्या बाजूने पूर्ण दिसतो आणि गुडघ्याला काहीच त्रास नाही. शनिवार-रविवार असेल तर बोटीची जागा आधी राखा.

तिथून गेतारियाला बसने दहा मिनिटं. रेल्वे तिथे जात नाही. गेतारिया म्हणजे हुआन सेबास्तियान एल्कानोचं गाव. पृथ्वीप्रदक्षिणेचं श्रेय आपण मॅगेलनला देतो, पण मॅगेलन 1521 मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेला. 'विक्टोरिया' हे जहाज 1522 मध्ये स्पेनला परत आणलं ते एल्कानोने, आणि त्या जहाजावर तेव्हा उरली होती 18 माणसं. हिंदी महासागर ओलांडताना त्यांनी आपला किनारा मुद्दाम टाळून खूप दक्षिणेकडून वाट काढली, कारण गोवा-कोची पोर्तुगीजांच्या हातात होतं आणि पकडले गेले असते. गावातलं सान साल्वादोर चर्च नक्की बघा. त्याची जमीन चक्क उतरती आहे आणि खालून एक गल्ली बंदराकडे जाते. कपड्यांची आवड असेल तर फॅशन डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा इथलाच, 1895 चा जन्म, आणि त्याच्या नावाचं संग्रहालय वरच्या अंगाला आहे. आईला शिवणकामाची आवड असेल तर एक तास तिथे ठेवा, नसेल तर सरळ पुढे चला. गेतारिया ते सारौत्स ही समुद्राला लागून जाणारी सपाट पायवाट बाबांनाही जमेल, तासाभराची आहे. समुद्र खवळलेला असेल तेव्हा मात्र बसने जा, लाटा थेट रस्त्यावर येतात. सारौत्सहून परतीची रेल्वे मिळते. हा पूर्ण दिवस झाला, आणि माझ्या मते तुमच्या सहलीतला सर्वात चांगला.

शहराला 'जमलं तर' म्हणून ठेवू नका, पहिला पूर्ण दिवस त्यालाच द्या. स्थानकांवर आणि बसवर दोनोस्तिया हे बास्क, म्हणजे इथल्या स्थानिक भाषेतलं, नावही लिहिलेलं असतं, गोंधळू नका, गाव एकच. ला कोंचा हा चंद्रकोरीसारखा किनारा, तोंडाशी सांता क्लारा बेट, दोन टोकांना दोन टेकड्या: पूर्वेला उर्गुल, पश्चिमेला इगेल्दो. ओहोटी असेल तर जुन्या गावाकडून वाळूवरून चालत थेट पुढच्या ओंदारेता किनाऱ्यापर्यंत जाता येतं. भरतीला मधला खडक आडवा येतो, तेव्हा वरच्या फरसबंद रस्त्याने जा. तो पूर्ण सपाट आहे आणि बसायला जागोजागी बाकं आहेत. टोकाला एदुआर्दो चिलिदाची 'वाऱ्याचा कंगवा' ही शिल्पं आहेत, तीन प्रचंड पोलादी आकार खडकांत रोवलेले. समोरच्या चौकात जमिनीला भोकं ठेवली आहेत. भरती आणि लाटा जोरात असल्या की त्यातून हवा आणि पाण्याचे तुषार घोंघावत वर येतात. म्हणजे वाळूवरची चाल ओहोटीला आणि कंगवा भरतीला, असा हिशेब जमला तर उत्तम. नाही जमला तर कंगव्याला संध्याकाळी पुन्हा जा. मे अखेरीस सूर्य साडेनऊनंतर मावळतो, वेळ भरपूर असतो.

दोनपैकी एकच टेकडी करायची तर तुमच्यासाठी इगेल्दो. 1912 पासून चालणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर ओढली जाणारी छोटी गाडी, थेट माथ्यावर नेते आणि वरून अख्खी चंद्रकोर दिसते. उर्गुल मला स्वतःला जास्त आवडते, झाडीतली वाट, जुना किल्ला आणि एक विस्मृतीत गेलेलं इंग्रजांचं दफनस्थान. पण तिथे चढ पायीच आहे. बाबांना बंदराजवळ बसवून तुम्ही एकट्या दीड तासात जाऊन या.

जुन्या गावात एकच गोष्ट लक्षात ठेवून फिरा. 31 ऑगस्ट 1813 ला नेपोलियनच्या फौजेकडून शहर सोडवायला आलेल्या इंग्रज-पोर्तुगीज सैन्याने ते लुटलं आणि जाळलं. एक गल्ली तेवढी वाचली, तिला आज त्याच तारखेचं नाव आहे. बाकीचं जे सरळ रेषेतलं, नीटनेटकं जुनं गाव दिसतं ते त्या आगीनंतर बांधलेलं. कॉन्स्तितुसियोन चौकात घरांच्या बाल्कन्यांवर आकडे दिसतील. चौकात बैलांचे खेळ होत तेव्हा बसायच्या जागा म्हणून त्या भाड्याने दिल्या जात.

जेवणाबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलं आहे, पण शाकाहारी माणसासाठी इथे तेच सर्वात अवघड आहे, म्हणून सविस्तर लिहिते. हा मासे आणि मांसाचा मुलूख आहे. बारच्या काउंटरवर मांडलेले पिंचो, म्हणजे पावाच्या तुकड्यावर किंवा काडीला लावलेले छोटे पदार्थ, बघायला सुंदर असतात, पण दहातल्या आठांत मासा किंवा हामोन असतं. हामोन म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, आणि ते इथे वरून भुरभुरवायची गोष्ट मानतात. 'भाजीचं आहे का' एवढंच विचारलंत तर 'हो' म्हणतील आणि मशरूमवर हामोन येईल. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: 'सोय वेजेतारियाना, नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन'. मांस, मासा आणि हामोन ही तिन्ही नावं घ्यायचीच. पुरुषाने म्हणायचं तर 'वेजेतारियानो'.

आईसाठी निर्धास्त मागवता येतील असे पदार्थ: तोर्तिया, म्हणजे बटाटा-अंड्याचा जाड ऑम्लेट. मात्र कॉड माशाचा तोर्तियाही असतो, तेव्हा 'दे पातातास' म्हणा. गेर्निकाच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या, वर जाडं मीठ, तिखट नसतात आणि आपल्याकडच्या बहुतेकांना फार आवडतात. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज, अक्रोडासोबत, पण ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या रेनेटने जमवतात, आईला चालत असेल तरच. शतावरीचे कोंब. परतलेले मशरूम, वरच्या वाक्यासहित. टाळायचे: क्रोकेतास, कारण त्यांत बहुधा हामोन असतं. 'रशियन सॅलड' आणि मिश्र सॅलड, कारण त्यांत ट्यूना असतो. तोलोसाच्या काळ्या घेवड्याची उसळ नावाने मोहात पाडते, पण ती बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसासोबत शिजते, विचारल्याशिवाय मागवू नका. गोडात ला विन्या या बारचं भाजलेलं चीजकेक घ्याच. ते त्याच 31 ऑगस्टच्या गल्लीत मिळतं, अंडं चालत असल्यामुळे आईलाही हरकत नाही.

बारमध्ये वागायची रीत अशी: काउंटरवरचं गार खाणं दाखवून मागायचं, गरम पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात ते सांगायचे. एका ठिकाणी एक-दोन पदार्थ खाऊन पुढच्या बारमध्ये जायचं. उभ्यानेच खातात, त्यामुळे बाबांसाठी गर्दी होण्याआधी, दुपारी साडेबारा-एकला किंवा संध्याकाळी सातला पोचलात तर स्टूल मिळेल. स्वयंपाकघरं दुपारी साडेतीन-चारनंतर बंद होतात आणि रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी क्वचितच मिळतं. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बरेच बार बंद असतात. माझा सल्ला: हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, शक्यतो ग्रोस भागात. तिथे जुन्या गावापेक्षा रात्री शांतता असते आणि पूल ओलांडला की गाव. एकदा दुपारी पिंचो, रात्री घरचा वरणभात, यावर आई-बाबा चारही दिवस खूश राहतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तिसरा दिवस हलका ठेवा. सकाळी पासायाला जा. बस किंवा 'तोपो' नावाची रेल्वे थोड्या वेळात नेते. उंच डोंगरांच्या चिंचोळ्या फटीतून समुद्र आत शिरतो आणि दोन्ही काठांना जुनी गावं, मध्ये काही मिनिटांची तर, म्हणजे पलीकडे नेणारी छोटी होडी. एका काठाला फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो 1843 मध्ये राहिला ते घर आहे. दुसऱ्या काठाला आल्बाओला ही जहाजबांधणीची कार्यशाळा, तिथे 'सान हुआन' या बास्क देवमासे-शिकारी जहाजाची प्रतिकृती जुन्याच पद्धतीने लाकडात बांधली आहे. मूळ जहाज 1565 मध्ये कॅनडाच्या लाब्रादोर किनाऱ्याजवळ बुडालं होतं. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे होडी बांधताना पाहिलेल्या कोणालाही तिथून पाय काढवत नाही. तुम्हाला एकटीने चालायचं असेल तर ग्रोसहून उलिया डोंगराच्या कड्याने पासायापर्यंत अडीच-तीन तासांची सुंदर वाट आहे. आई-बाबा बसने येतील, तुम्ही पायी, आणि तरीपाशी भेटा.

चौथ्या दिवसाला दोन पर्याय, दोन्ही चांगले. पहिला ओंदारिबिया: तटबंदीतलं जुनं गाव, खाली कोळ्यांची वस्ती, रंगीत लाकडी बाल्कन्या, आणि समोर खाडीपलीकडे फ्रान्स. छोट्या बोटीने पलीकडच्या आंदायला जाऊन 'फ्रान्सलाही जाऊन आलो' म्हणता येतं, बियारिट्झची धावपळ न करता. याच बिदासोआ नदीत फेजंट बेट आहे, जे सहा महिने स्पेनचं आणि सहा महिने फ्रान्सचं असतं. 1659 मध्ये दोन्ही देशांचा तह तिथेच झाला. बेटावर जाता येत नाही, काठावरून बघायचं. परत येताना आंदायहून तोपो थेट सान सेबास्तियानला आणते, पण बोटीचा धक्का रेल्वे स्टेशनपासून दूर आहे, मध्ये स्थानिक बस घ्या. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने तुमचा व्हिसा पुरतो, पण या सीमेवर फ्रेंच पोलीस अनेकदा तपासणी करतात, म्हणून तिघांचेही मूळ पासपोर्ट जवळ हवेत. फोटो चालत नाही.

दुसरा पर्याय पाम्प्लोनाऐवजी: आस्पेइतियाजवळचं लोयोला, बसने साधारण तासभर. जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस 1491 मध्ये इथे जन्मला. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून तो घरी आणला गेला, आणि त्या अंथरुणावर त्याचं आयुष्य पालटलं. त्याचं मूळ दगडी घर आज भव्य चर्चच्या संकुलात जपलेलं आहे. त्याचाच साथी फ्रान्सिस झेवियर, शेजारच्या नवारा प्रांतातल्या हाविएर किल्ल्यात 1506 मध्ये जन्मलेला, 1542 मध्ये गोव्याला पोचला आणि आज त्याचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझस चर्चमध्ये आहे. तुम्ही लिहिलं आहे की बाबा मुंबईच्या झेवियर्स कॉलेजचे. मग मी ओंदारिबिया सोडून लोयोलाच निवडेन. हाविएरचा किल्ला मात्र गाडीशिवाय या मुक्कामात जमणार नाही, तो पुढच्या वेळी.

हवेबद्दल दोन गोष्टी. इथे मे महिन्यातही पाऊस येतो, बहुतेकदा सिरिमिरी नावाची बारीक भुरभुर. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट उपयोगी पडतं. आणि एखाद्या उकाड्याच्या दिवशी दक्षिणेचा गरम वारा अचानक थांबून पश्चिमेकडून थंड झंझावात आला तर त्याला तिथे गालेर्ना म्हणतात. काही मिनिटांत तापमान उतरतं आणि समुद्र उसळतो. किनाऱ्यावरचे जीवरक्षक शिट्ट्या वाजवू लागले तर लगेच पाण्याबाहेर या आणि उर्गुलभोवतीच्या समुद्रकाठच्या रस्त्यापासून दूर राहा.

तुमच्या नेमक्या तारखा कळवल्यात तर त्या चार दिवसांत सुमाया कुठल्या दिवशी ठेवायचं ते मी सांगू शकेन.